शांत नदीचं वेळापत्रक

"या वेळी चूक होणं शक्यच नाही," असं मिनिटरावांनी बायकोला सांगितलं आणि तिने हातातलं भांडं खाली ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. हे वाक्य तिने आजवर चार सहलींच्या आधी ऐकलं होतं.

मिनिटराव बस आगारात वेळापत्रकं बनवत. कोणती बस कोणत्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी येणार, हे ते बावीस वर्षं ठरवत आले होते. बस मात्र आपल्या सोयीने येई. पण ते त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण ते स्वतः कामावर स्कूटरने जात! गल्लीने त्यांचं नाव मिनिटराव ठेवलं होतं आणि त्यांना तो सन्मान वाटत असे.

या खेपेला प्रकरण जरा अटीतटीचं होतं. ही सहल फसली, तर पुढच्या सगळ्या सहली माझा भाऊ आखेल, असं बायकोने जाहीर केलं होतं. हा मेहुणा म्हणजे मिनिटरावांच्या जिवाला घोर. पठ्ठ्या कसलीही तयारी न करता उठून निघायचा आणि दर वेळी खिदळत परत यायचा. त्याच्या हाती कारभार देण्यापेक्षा मिनिटरावांनी नोकरीचा राजीनामा दिला असता. त्यात सासूबाई येणार होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांत त्या गॅलरीच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

म्हणून बेत अगदी सोपा ठेवला होता. रबरी तराफ्यात बसायचं आणि नदीबरोबर सहा किलोमीटर आरामात वाहत जायचं. तराफेवाल्याला त्यांनी फोनवर बावीस प्रश्न विचारले. लाटा आहेत का, खडक आहेत का, भोवरे, उतार, वळणं? नदीचा जो भाग सर्वांत शांत असेल तोच हवा, असंही बजावलं. तराफेवाला दोनदा "अहो, पण तिथं..." म्हणून काही सांगू पाहत होता. मिनिटरावांनी त्याला तिथेच थांबवलं.

"फक्त हो किंवा नाही. मला वेळापत्रक करायचंय."

मग त्याने बावीस वेळा "नाही" म्हटलं आणि मिनिटराव खूश झाले. रस्त्यातले अडथळे काढले की गाडी वेळेवर पोचते, हा आगाराचा नियम. नदीने तो का मोडावा?

रविवारी सकाळी गाडी शेवटच्या थांब्यावर, म्हणजे खालच्या पुलाजवळ लावली. जेवणाचे डबे गाडीत ठेवले, कारण जेवण सव्वाबाराला तिथेच होतं. सगळ्यांचे फोनही भिजू नयेत म्हणून गाडीतच कुलूपबंद केले. तराफेवाल्याने त्यांना आपल्या टेम्पोतून वर आणलं, लाइफ जॅकेटं चढवली, तराफा काठापासून वीस-पंचवीस फूट आत लोटून दिला आणि वल्ही पुढे केली. मिनिटरावांनी ती परत केली. दहा वर्षांची लेक बरोबर होती, कुणाच्या डोळ्यात गेलं तर? तराफेवाल्याने खांदे उडवले आणि पुलाशी वाट बघायला निघून गेला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तराफा सुटला. म्हणजे वेळापत्रकात सुटला.

साडेनऊला लेक म्हणाली, "बाबा, ते झाड अजून तिथेच आहे."

"नदी थोडी उशिरा धावतेय," मिनिटरावांनी कागदावर खूण करत सांगितलं.

दहा वाजता वारा सुटला आणि तराफा हलला. मिनिटरावांना आनंदाचं भरतं आलं. पाच मिनिटांनी ते झाड त्यांच्या समोरून सरकत पुढच्या बाजूला गेलं. तराफा उलटा, वरच्या दिशेला चालला होता! काठावर एक म्हातारबुवा गळ टाकून बसले होते. अखेर अभिमान गिळून मिनिटरावांनी त्यांना नदीचा वेग विचारला.

"वेग?" म्हातारबुवांनी पाण्यावर तरंगणारं आपलं बूच दाखवलं. "पहाटेपासून हे जागचं हललेलं नाही. खाली बंधारा आहे, त्याची दारं महिनाभरापासून बंद आहेत. इथं पाणी तळ्यासारखं उभं असतं. सगळ्यांत शांत जागा."

मिनिटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने वेळापत्रकातल्या सव्वाबाराच्या जेवणावर बोट ठेवलं. लेकीला भूक लागली होती, जेवण सहा किलोमीटरवर होतं. साडेअकरापर्यंत वाऱ्याने त्यांना आणखी शंभर पावलं मागे नेलं. म्हातारबुवाही सोबत म्हणून स्टूल उचलून काठाकाठाने सरकत होते. मिनिटरावांना मेहुण्याचं हसणं इथवर ऐकू येऊ लागलं.

तेवढ्यात सासूबाईंनी म्हातारबुवांना खोली विचारली.

"तुमच्या कमरेएवढं. खाली वाळू आहे."

सासूबाईंनी एक पाय बाहेर टाकला. शेवटच्या थांब्याआधी कुणी उतरायचं नाही, हा नियम मिनिटरावांनी मोठ्याने वाचून दाखवला. तोवर दुसरा पायही पाण्यात गेला होता. त्या उभ्या राहिल्या. चार पावलं चालल्या, मग आणखी चार. त्यांची काठी तराफ्यातच राहिली होती.

"अगं, दुखत नाहीये," त्या आपल्या लेकीला म्हणाल्या. मिनिटरावांच्या बायकोने भराभर डोळे पुसले आणि तीही उतरली. नातीने तर सरळ उडीच मारली. मग तासभर तिघी पाण्यात नुसत्या हुंदडत होत्या, एकमेकींना भिजवत होत्या, आणि तराफ्याची दोरी आळीपाळीने ओढत होत्या. तराफ्यात कागद छातीशी धरून मिनिटराव एकटे बसले होते, कारण त्यांचा थांबा यायचा होता.

काठावर म्हातारबुवांनी आपल्या डब्यातला पाव आणि उकडलेली अंडी वाटून दिली, आणि त्यांच्याच फोनवरून तराफेवाल्याला बोलावलं. "मी सांगत होतो साहेब," एवढंच तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मिनिटरावांनी मान खाली घालून निकाल विचारला. पुढच्या सहली मेहुण्याकडे गेल्याच, असं धरून त्यांनी पेनाला टोपणही लावलं होतं.

"छे," ओल्या पदराने तोंड पुसत सासूबाई म्हणाल्या. "आखायचं ते जावईबापूंनीच. माझा मुलगा काही आखतच नाही, मग आम्ही मोडायचं काय?"