खालचं पातं डावीकडे

माझी आखणी कधी चुकत नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. गर्व झाला तर दर शनिवारी फादरपुढे कबूल करून मोकळी होते. पण बावीस वर्षं मी एका गाडीपुरती खासगी सहल काढतेय. सकाळी ट्युलिपची शेतं, मग पवनचक्की, दुपारी चीज. एवढ्या वर्षांत एकही पाहुणा कालव्यात पडलेला नाही! (एक पडला होता, पण तो फोटोसाठी स्वतःच्या हौसेने मागे मागे सरकत गेला. तो मी धरत नाही.)

याचं सगळं श्रेय माझ्या नेमांना. सकाळी चर्चमधली मिस्सा, संध्याकाळची जपमाळ, शिवाय आणखी दोन. एक, खोटं बोलायचं नाही. दोन, आवाज चढवायचा नाही. हा दुसरा नवसाचा आहे. चौदा वर्षांपूर्वी माझा नवरा डोरुस पवनचक्कीच्या शिडीवरून पडला आणि वाचला, तेव्हा मी बोलले होते. डोरुस म्हणतो, "नवस बोललीस तू, पण फेडतोय मी. घरात प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागते!"

तर परवाची सहल साधी नव्हती. पाहुणा होता माझा सख्खा मामा, ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं. नेलिसमामा. वय एकोणऐंशी, मुक्काम कॅनडा. आणि चीजचं घर होतं त्याच्या बहिणीचं, म्हणजे माझ्या गोंडामावशीचं. वय चौऱ्याऐंशी, चाळीस गाई, जिभेला धार चीजच्या सुरीची. ही दोघं अठ्ठावन्न वर्षं एकमेकांशी बोललेली नव्हती. का? तर मावशीच्या लग्नात तिने स्वतःच्या हाताने केलेलं चीज सगळ्यांना वाढलं, आणि एकवीस वर्षांचा मामा साक्षात बिशपसमोर म्हणाला, "ताई, हा साबण आहे."

बिशप हसले. तिथेच सगळं संपलं. महिन्याभरात मामा बोटीत बसला.

आता मामाने फोनवर स्पष्ट केलं होतं, "मी गोंडाला भेटायला येत नाहीये. मी ट्युलिप बघायला येतोय. सहलीत चीज असेल तर माझा इलाज नाही." मावशीनेही स्पष्ट केलं होतं, "गिऱ्हाईक म्हणून आला तर मी काय हाकलू? पण मागच्या दाराने तो आत यायचा नाही. मागचं दार घरच्यांसाठी आहे." आणि आमच्याकडे पुढचं दार तर कुणासाठीच नसतं! नवी नवरी आत येते तेव्हा आणि शवपेटी बाहेर जाते तेव्हा, एवढंच ते उघडतं. मावशीचं पुढचं दार काका गेले तेव्हा उघडलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली.

थोडक्यात, दार एकही मोकळं नाही आणि मामाचं परतीचं विमान सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी! मी नऊ दिवस प्रार्थना धरली. नवव्या दिवशी, म्हणजे सहलीच्याच सकाळी, मावशीला फोन केला, तर ती चक्क भांडली नाही. म्हणाली, "येऊ दे." म्हटलं, देव पावला!

आणि तिथेच मला ती कल्पना सुचली.

मावशीच्या घराजवळची चक्की म्हणजे माझ्या आजोबांची, मामाच्या वडिलांची. हल्ली ती डोरुस चालवतो. शिकाऊ आहे, दोनदा परीक्षेत नापास झालाय, पण मन लावून करतो. आमच्याकडे चक्की बोलते. थांबवताना खालचं पातं दारापर्यंत पोचायच्या जरासं आधी रोखलं, की घरात आनंद आहे: कोणीतरी येतंय. दार ओलांडून जरासं पुढे गेल्यावर रोखलं, की दुखवटा: कोणीतरी गेलं. पोरासोरांनाही वाचता येतं हे. मामा तर चक्कीतच जन्मलेला! म्हटलं, बांधावरून गाडी वळली, की त्याला आपल्या वडिलांची चक्की आनंदात उभी दिसली पाहिजे. तोंडाने कोणाला काही बोलायलाच नको.

ट्युलिपच्या शेतात मामा फुलं निवडत होता. लाल आणि पांढरी, मोठा जुडगा. "बहिणीसाठी का?" असं मी विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला, "हॉटेलच्या खोलीसाठी." मी कुंपणाआड गेले आणि डोरुसला फोन लावला. मामाला ऐकू जाऊ नये म्हणून नेहमीपेक्षाही हळू बोलले.

"डोरुस, चक्की थांबव. गोंडामावशीसाठी."

"मावशीसाठी?"

"हो. खालचं पातं डावीकडे ठेव."



"डावीकडे? वेंडेला, नक्की?"

"माझे आजोबा चक्कीवाले होते. मला शिकवू नकोस."

"अरे देवा! आजच?"

"आजच."

"आणि मामा?"

"त्यांना काही सांगितलेलं नाही. येऊन डोळ्यांनी बघतील."

"बिचारा," डोरुस म्हणाला. "फादरना कळवू?"

"कळव. त्यांनीही प्रार्थना केलीय. पण गर्दी नको."

"मावशी... शांत होती ना?"

"सकाळी एकदम शांत होती. जन्मात पहिल्यांदाच."

आता तुम्ही म्हणाल, मला शंका यायला हवी होती. अहो, डोरुस पोराच्या बारशालाही याच सुरात बोलला होता!

साडेअकराला गाडी बांधावर चढली. मामा मांडीवर फुलं घेऊन ताठ बसलेला. कॉलर तीनदा नीट केली, कंगवा दोनदा फिरवला. ट्युलिपना दाखवायला माणूस इतकं करत नाही! वळण आलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, चक्कीकडे नाही. चेहरा आधी उजळला. मग अशा रीतीने विझला, की मी ब्रेकच दाबला.

"गेली," मामा म्हणाला.

मी वळून पाहिलं. खालचं पातं दार ओलांडून पुढे गेलेलं. दुखवटा!

डोरुस सांगितल्याशिवाय घरातली खुर्चीसुद्धा हलवत नाही. त्याने पातं पुढे नेलं, म्हणजे फोननंतर खरंच काहीतरी घडलं! तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. एक ठोका. थांबा. एक ठोका. तशी घंटा आमच्याकडे जेवणासाठी वाजत नाही.

मी डोरुसला फोन लावला. उचलेना. मावशीला लावला. वाजतोय, वाजतोय, वाजतोय.

"गाडी फिरव," मामा म्हणाला.

"मामा, असं कसं..."

"अठ्ठावन्न वर्षं मी बरोबर होतो, पोरी. साबणच होता तो. आणि बरोबर असण्यात अर्ध्या तासाने उशीर झाला."

"नाही हो, जिवंत असेल" असं म्हणायला मला ठाऊक कुठे होतं? आणि ठाऊक नसताना म्हणणं म्हणजे खोटंच. मी पेपरमिंटची गोळी पुढे केली. चर्चमध्ये कोणी रडायला लागलं की आम्ही हेच करतो. त्याने ती घेतली, तोंडात टाकली, आणि काच खाली करून जुडग्यातली लाल फुलं एकेक बाहेर टाकायला लागला. पांढरी तेवढी ठेवली. मागून सायकलवर एक बाई येत होती. पहिलं फूल तिने हसत झेललं. चौथं तोंडावर बसल्यावर तिने जे शब्द वापरले, ते मी नेमामुळे लिहीत नाही.

मी गाडी फिरवली नाही. हळूहळू, इंच इंच, मावशीच्या फाटकापर्यंत नेली.

आणि बघते तर काय! अर्धं गाव पुढच्या दारासमोर उभं! काळे कोट, हातात केकचे डबे, कोणाच्या हातात सूपचं पातेलं. चर्चचा घंटावाला सीम घंटा वाजवून धावत आलेला, टोपी छातीशी धरून धापा टाकत होता. फादर पुस्तकात बोट घालून उभे. कोणी दार वाजवत नव्हतं, कारण अशा वेळी पुढचं दार घरच्या माणसानेच उघडायचं असतं. म्हणजे मी!

मामा खाली उतरला. कोणाकडे न बघता पायरीपर्यंत गेला, पांढरी फुलं तिथे ठेवली, एक मिनिट उभा राहिला. मग वळला आणि बांधावरच्या बसथांब्याकडे चालू लागला. लांबवर बस दिसत होती.

डोरुस काळ्या कोटात पुढे आला आणि त्याने मला मिठी मारली.

"शेवटी काय झालं रे?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? तूच सांग. तू होतीस ना तिच्याजवळ?"

"मी? मी तर ट्युलिपच्या शेतात होते!"

"मग तुला कळवलं कोणी?"

"कळवलं काय?"

"ती गेल्याचं!"

"ते तर तू कळवलंस! पातं पुढे नेऊन!"

"तूच सांगितलंस, डावीकडे!"

"डावीकडे म्हणजे आनंद!"

"वेंडेला," डोरुस फार सावकाश म्हणाला, "ब्रेकचा दोर चक्कीच्या पाठीमागे असतो. मी पाठीमागे उभा होतो."

मी मनातल्या मनात चक्कीच्या पुढे उभी होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती मला रोज तशीच दिसते. माझं डावं म्हणजे त्याचं उजवं! माझे आजोबा चक्कीवाले होते, पण मी काही नव्हते.

"मग मावशी कुठाय?" डोरुसने विचारलं.

"बुधवार आहे," मी म्हटलं. "बुधवारी ती मागे चीज करते. हात कोपरापर्यंत दुधात. फोन घेत नाही."

म्हणजे मावशी जिवंत! आणि मामा बसथांब्यावर! बस वळणावर आलेली!

"मामा!" मी हाक मारली. माझी हाक फादरपर्यंतही पोचली नाही. "मामा, थांबा!" सीमने नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली, त्याला वाटलं मी रडतेय. डोरुस ओरडायला लागला, तर घंटा वाजली तेव्हा रडून त्याचा घसा बसलेला. बस थांबली. दार उघडलं. मामाने पाय वर ठेवला.

मी देवाची क्षमा मागितली, गाडीत डोकं घातलं आणि दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला. आवाज माझा नव्हता, गाडीचा होता!

चाळीस गाई एकदम हंबरल्या. केकचा एक डबा खाली पडला. आणि त्या गोंधळात पुढच्या दारावर आतून धाड्कन काहीतरी आदळलं.

सगळे दोन पावलं मागे. पुन्हा धाड! सीमने छातीवर क्रूस केला. फादरांच्या हातातलं पुस्तक मिटलं. अकरा वर्षं फुगलेलं लाकूड कण्हलं, रंगाचे पोपडे उडाले, तिसऱ्या धडकेला दार भिंतीवर जाऊन आपटलं. आणि उंबऱ्यात गोंडामावशी उभी! रबरी बूट, ओला एप्रन, हातात चीजची सुरी.

"माझ्या गाई कोण घाबरवतंय? आणि पुढच्या दाराशी कसली जत्रा? मागचं दार काय चोरीला गेलंय? कोण मेलं?"

शेवटी सीमने टोपी चुरगाळत सांगितलं, "तुम्हीच, गोंडाबाई."

"मी? आज? आज मला वेळ कुठाय?"

बांधावरची बस निघून गेली. ती गेली तरी मामा तिथेच उभा होता. मग तो चालायला लागला. मग पळायला लागला. एकोणऐंशीचा माणूस पळतो म्हणजे काय, तर बदक घाईत असतं तसं! गावाने वाट करून दिली. तो पायरीखाली येऊन थांबला.

मावशीने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं.

"नवरी नाही, पेटी नाही," ती म्हणाली. "हा कोण मध्येच?"

"दार उघडं होतं," मामा म्हणाला.

तिने वाकून फुलं उचलली. "पांढरी?"

"लालही होती. वाटेत टाकली."

"उधळ्या तो उधळ्याच." ती आत गेली. संपलं, मला वाटलं. पण ती परत आली, सुरीच्या टोकावर चीजचा पातळ काप घेऊन. तो तिने त्याच्या तोंडासमोर धरला. सुरी जरा जास्तच जवळ होती.

"खा."

मामाने खाल्लं. चावलं. पुन्हा चावलं. पातेल्यातलं सूप निवत होतं, फादर डोळे मिटून पुटपुटत होते. मी मनात संतांची नावं घ्यायला लागले, सातव्या नावापर्यंत पोचले.

मामाच्या गालावरून पाणी ओघळलं.

"साबणच आहे, ताई," तो म्हणाला. "अजून एक दे."

मावशीचा चेहरा गोठला. मग हनुवटी हलली. मग ती अशी हसली, की गाई पुन्हा हंबरल्या! त्याच्या कॉलरला धरून तिने त्याला आत ओढलं, पुढच्या दारातून, आणि जाता जाता ओरडली, "केक आत आणा रे! माझ्याच नावाने आणलाय ना? मग मला नको का?"

तासाभराने कॉफीचा तिसरा कप चालू होता. अंत्यविधीचा केक इतका आनंदाने मी कधी खाल्ला नव्हता. मामाने विमान आठवडाभर पुढे ढकललं होतं. एवढ्यात मावशीने कप खाली ठेवला आणि सुरी उचलली.

"हे सगळं ठीक. पण मला मारलं कोणी?"

अर्ध्या गावाने डोरुसकडे पाहिलं. डोरुसने माझ्याकडे पाहिलं.

खोटं न बोलण्याचा नेम आहे माझा. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मी."

"काय म्हणते ही?" मावशीने विचारलं.

"डोरुसचं नाव घेतलं वाटतं," सीम म्हणाला.

मावशी डोरुसकडे वळली आणि पुढची वीस मिनिटं त्याची जी काही चंपी झाली, ती पार चक्कीपर्यंत ऐकू गेली असेल.

मी खरं बोलले होते. आणि आवाजही चढवला नव्हता. आता कोणाला ऐकूच आलं नाही, त्याला मी काय करणार? शनिवारी फादरना सांगेन म्हणतेय. नेहमीच्याच आवाजात.