शासनमान्य लाह

तोरणमाळच्या उतारावरच्या एका पाड्यात वादळाने बुधीबाईच्या घराचं छप्पर उडालं आणि आढं मोडलं. नवं आढं चढवायला पंधराएक हात हवेत. म्हणून तिने लाह बोलावली. ज्याचं काम त्याने जेवण घालायचं, बाकीच्यांनी काम उरकायचं, एवढीच लाह. मजुरी नाही, आभारही नाहीत.

दुर्दैवाने त्या दिवशी विस्तार अधिकारी हेमकांतसाहेब पाड्यावर होते. त्यांना शब्द आवडला.

"अस्सल मातीतला आहे," ते म्हणाले. "आपल्या लोकसहभाग अभियानाला हेच नाव."

शब्द शासनमान्य झाला. मग त्याला उद्घाटक लागला, उद्घाटकाला तारीख लागली, आणि तारखेला फलक लागला.

"साहेब, माणसं जमलीत, डाळ शिजलीय," शेजारचा वाहरू म्हणाला. "आत्ताच उचलतो की."

"उद्घाटनाआधी केलं तर ती लाह धरली जाणार नाही."

"मग काय धरणार?"

"गर्दी."

तारीख मिळाली. उद्घाटकांनी आढ्याला हार घातला. सगळ्यांनी आढ्याला हात लावला, फोटो निघाला, हात निघाले. प्राचीन परंपरेवर भाषण झालं. पाहुणे बुधीबाईच्या घरची उरलीसुरली ज्वारी जेवून उठले.

"साहेब, आढं वर कधी जाणार?" तिने विचारलं.

"बाई, घर दुसऱ्या विभागाकडे येतं. आमच्याकडे फक्त लाह."

पुढे पाड्यापाड्यांत लाह झाल्या. कुठे बंधाऱ्याजवळ उभं राहून, कुठे झाडाजवळ. माणसं तयार झाली. कुठल्या बाजूने चेहरा बरा येतो, हे गुरं राखणाऱ्या दिवाल्यालाही कळू लागलं.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा बुधीबाईने उसनवारीने दाणे आणले आणि घरोघरी जाऊन पुन्हा लाह सांगितली. सगळा पाडा आला. धुतलेले कपडे घालून, केस विंचरून. आढ्याला हात लावून उभा राहिला.

"उचला रे," बुधीबाई म्हणाली.

कुणी हललं नाही. वाहरूने इकडेतिकडे पाहिलं.

"फोटो कोण काढतंय, काकी?"

"कसला फोटो? आढं चढवायचंय."

वाहरू खरोखर गोंधळला. "मग तसं सांगायचं ना. काम आहे म्हणून. तू तर लाह सांगितलीस."

जेवून सगळे गेले.

आणि तुम्ही. वाचताना मान हलवलीत, वाहरूला हसलात, हे कुणाला तरी पाठवायचंही मनात आलं. झाली तुमची लाह. आढं अंगणातच आहे.