सत्तावीस धोके आणि नवधान्याचा डबा

दयानंदरावांनी खड्डा खणण्याआधी वही उघडली. बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस. काय काय बिघडू शकेल हे लिहिल्याशिवाय घरात खिळासुद्धा ठोकत नसे. बनशंकरीतल्या त्यांच्या घरची बोअर आटली होती. गच्चीवरचं पावसाचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून त्याच बोअरमध्ये सोडायचं, असा बेत होता. धोके निघाले सत्तावीस. पाचोळा, गाळ, उंदीर, गच्चीवरची कावळ्यांची घाण, एवढंच काय, शेजारच्या मल्लाप्पाचं कुजकं हसणंही नोंदलेलं, आणि प्रत्येकापुढे उपाय.

घोडं अडलं बायकोपाशी, रत्नाबाईंपाशी. "टँकरची वाट बघून पाय गेले माझे," त्या म्हणाल्या. "दसऱ्यापर्यंत पाणी आलं तर राहू. नाहीतर अभिराज टेंपो आणेल, आपण मारतहळ्ळीला."

मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे खड्डा तो कुठे खणणार? दयानंदरावांनी वही मिटली. "पाणी येणार म्हणजे येणारच," ते म्हणाले.

"मग गंगापूजा तरी करा. पूजेवाचून कुणी बोअर सुरू करतं का इकडे?"

"अगं, हे शास्त्र आहे. शास्त्राला हळदकुंकू लागत नाही."

बोलून बसले खरे, पण खड्डा पुरा झाला आणि त्यांचा धीर सुटला. अठ्ठाविसावा धोका राहून गेला असेल तर? रत्नाबाई भाजीला गेल्या तशी त्यांनी स्वयंपाकघरातून नवधान्याचा डबा उचलला. मूठभर धान्य वाळूवर टाकलं. गंगामाई कंजूष म्हणेल असं वाटलं, म्हणून अख्खा डबा उपडा केला, वर वाळू सारली, हात जोडले आणि रिकामा डबा गुपचूप जागेवर ठेवला.

आठ-दहा दिवस नुसती भुरभुर; दयानंदरावांची नजर खड्ड्याऐवजी आभाळाकडेच. दसऱ्याच्या आदल्या दुपारी मात्र आभाळ फाटलं. दयानंदराव छत्री विसरून अंगणात धावले. "आलं गं, पाणी आलं!"

आलं, पण आत जाईना. खड्ड्यावर हिरवंगार शेत डोलत होतं. गहू, मूग, हरभरा, साऱ्यांच्या मुळ्यांनी वाळूत गोधडी विणली होती. पाणी काठावरून उतरलं आणि कंपाउंडच्या भिंतीखालच्या भोकातून सरळ मल्लाप्पाकडे गेलं. बोअर कोरडी ठणठणीत. दयानंदरावांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

दसऱ्याला सकाळी टेंपो दारात लागला. अभिराजने पहिली ट्रंक उचलली आणि भिंतीवरून मल्लाप्पाचं डोकं वर आलं.

"अण्णा, स्वल्प, जरा इकडं या की."

आज तो हसत नव्हता. त्याच्या मागच्या अंगणात जुनी आटलेली विहीर होती. दहा वर्षं तो तिच्यात करवंट्या फेकत होता. त्या करवंट्या आता पुरुषभर पाण्यावर तरंगत होत्या, आणि पावसाळा अजून सरला नव्हता.

"तुमची गच्ची माझ्या विहिरीत उतरली बघा," मल्लाप्पा म्हणाला. "पंप मी बसवतो, पाईप तुम्ही घ्या भिंतीवरून. दोन्ही घरांचं भागतंय. सरी?"

"सरी, सरी, ठरलं," दयानंदराव म्हणाले.

रत्नाबाईंनी ट्रंक उतरवायला लावली, टेंपोवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. दयानंदरावांनी ऐटीत वही काढली. 'प्रकल्प यशस्वी' असं लिहायचं होतं. पण सत्ताविसाव्या धोक्याखाली रत्नाबाईंच्या अक्षरात आधीच एक ओळ होती.

'अठ्ठावीस: घरधनी. उपाय: डब्याला कुलूप.'