रिलीव्हर आल्याशिवाय

सुकदेवआप्पा रोज सकाळी बागेत चालतात, पण थांबायचं कधी हे ते स्वतः ठरवत नाहीत. त्यांच्या जागी दुसरं कुणी चालायला लागलं, की मगच थांबतात.

आप्पा मूळचे चोपड्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं सिल्वासाजवळच्या अथालच्या बाजूच्या एका सुताच्या कारखान्यात गेली. तिथला दंडकच होता, पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय चालू मशीन सोडायचं नाही. निवृत्तीनंतर साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि आप्पांनी तो दंडक थेट सिल्वासाच्या बागेत आणला.

मी त्यांच्याच बिल्डिंगमधला शाळामास्तर. माझे व्यायामाचे संकल्प आठवडाभरात गार पडतात. एकदा नवे बूट घालून उगाच बागेत शिरलो, तर घामाघूम आप्पांनी गाठलंच.

"आले का सर? घ्या चार्ज. कारंज्याजवळ फरशी उखडेल आहे, सांभाळून. बाकी लाइन ओके."

मी हसत बाकावर बसलो. आप्पा लगेच पुन्हा चालायला लागले. "मशीन बंद ठेवता का सर? मंग मलाच ओव्हरटाइम!"

साठी ओलांडलेला माणूस माझ्यापायी फेऱ्या मारतोय म्हटल्यावर बसवेना. उठलो, तो आजतागायत उठतोच आहे. पावसात छत्री घेऊन गेलो, मेहुण्याच्या हळदीदिवशी पिवळ्या सदऱ्यात गेलो. बायको म्हणते, "मी सांगून सांगून थकले, आप्पांनी एका दिवसात जुंपलं!"

परवा मात्र मला सडकून ताप भरला. कळवणार कसं? आप्पा मोबाइल घरी ठेवून येतात, कारण "मशीनवर फोन अलाउड नाही." ऊन चढलं तरी ते परतले नाहीत, तेव्हा बायकोच चपला अडकवून बागेत गेली. आप्पा चालतच होते. पाय लटपटत होते.

"आप्पा, मी आलेय ना. दमलात. जा आता घरी."

आप्पा तिथेच कट्ट्यावर टेकले. म्हणाले, "ताई, घरवाली शोभा गेली तवापासून 'दमले, घरी या' म्हणणारं कोणी राहिलं नाही. सर येतात, 'जा आता आप्पा' म्हणतात. तेवढ्यासाठी वाट पाहून राहतो मी."

बायको त्यांना आमच्याकडेच घेऊन आली. आत येऊन तिनं मला हे हळूच सांगितलं. इतके दिवस मला वाटत होतं, हा माणूस मला कामाला लावतोय.

बाहेरच्या खोलीत आप्पांनी बिनसाखरेचा चहा संपवला. "निघतो," म्हणाले.

बायकोनं परातीत पीठ घेतलं होतं. "कुठं निघालात? जेवून जायचं."

मी पांघरुणातून मान काढून पाहिलं. आप्पांनी पायात सरकवलेल्या चपला पुन्हा काढून ठेवल्या.