काका म्हटलं की वय विचारायचं नाही

ऐक, आधी नुसतं ऐक! मध्ये तोंड घालायचं नाही. हसायचंच असेल तर शेवटी हस.

आपला वकील माहितीये ना? आता वकील कसला, कायद्याच्या कॉलेजची पायरीसुद्धा चढलेला नाही. पण चहा आधी की साखर आधी यावरही घरात खटला चालवतो, म्हणून मामानेच ठेवलेलं नाव. तर या वकिलाच्या मामाचं कोपऱ्यावर दुकान. वह्या, पेनं, बॅटऱ्या, छत्र्या आणि आता ई-सिगारेटी. खरं सांगू? वह्या-पेनं नुसती शोभेला. दुकान चालतं ते त्या ई-सिगारेटींच्या जिवावर.

आणि नेमका त्यांचाच नवा कायदा आला! परवाना घ्या. माल बाहेर मांडू नका, बंद कपाटात ठेवा. स्ट्रॉबेरी, कलिंगड, बबलगम असले लाडीक वास एकदम बंद. आणि अठराच्या आतल्या कुणाला विकली, की परवाना कायमचा गेला! वर धाक असा, की तपासणी खातं स्वतःच एखादं अठराच्या आतलं पोर गिऱ्हाईक बनवून पाठवतं. दिलीत त्याला, की पडलात!

अशात मामाची दाढ ठणकली. गाल फुगून पुरीसारखा झालेला. दाढ काढायला जाताना त्याने वकिलाला गल्ल्यावर बसवलं आणि म्हणाला, "हे बघ, माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाईक आत आलं की आपल्या तोंडून आपोआप काय निघतं ते ऐकायचं. 'काय रे बाळा' निघालं, तर पेन्सिल हातात देऊन घरी पाठवायचं. 'बोला दादा', 'बोला ताई' निघालं, तर ओळखपत्र मागायचं. आणि 'या काका' निघालं, तर खुशाल द्यायची. साध्या सिगारेटी विकायचो तेव्हापासून माझी जीभ एकदाही चुकलेली नाही."

वकील हसला. "मामा, कायदा काय जिभेवर चालतो? मी सरसकट सगळ्यांना विचारणार! येऊ दे ते खोटं गिऱ्हाईक, असा पकडतो की खातं येऊन मला सलाम ठोकेल!"

"परवाना गेला ना, तर दुकानाला कुलूप लावून तुझ्या घरी राहायला येईन. मामीसकट!" मामा म्हणाला. कपाटाला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि गाल धरून गेला.

पहिलं गिऱ्हाईक कोण, तर एक आजोबा. तोंडात कवळी, कानात यंत्र, हातात काठी.

"ओळखपत्र?" वकील म्हणाला.

"कशाचं?"

"वयाचं! तुम्ही अठराच्या वर आहात याला पुरावा काय?"

आजोबांची कवळी पडता पडता राहिली. "अरे, माझ्या नातीला बाळ झालं!"

"तोंडी पुरावा चालत नाही."

"थांब! आणतोच!" आजोबा काठी आपटत निघून गेले, काठी जरा वकिलाच्या पायावरच आपटली म्हणे.

मग बसचा ड्रायव्हर आला. ओळखपत्र बसमध्ये, बस रस्त्यात, बसमध्ये पन्नास माणसं आणि सगळी खिडकीतून ओरडतायत! मग इस्पितळातली नर्स आली. तिने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, तर वकील म्हणतो, "फोटोत हसताय, इथे हसत नाही आहात. माणूस तोच कशावरून?" ती जी काही बोलली ते मी तुला सांगत नाही. तीही हटली नाही, ड्रायव्हरही हटला नाही, मागून लोक येत राहिले, आणि रांग दारातून बाहेर पायऱ्यांवर! एक चष्मेवाल्या बाई तेवढ्या कडेला शांतपणे बॅटऱ्या उलटसुलट करून बघत होत्या.

तेवढ्यात दोन वेण्या आणि पाठीवर दप्तर अशी एक मुलगी पुढे आली. वकील स्टुलावरच चढला! "सापडलीस! खात्याने पाठवलं ना तुला? लोकहो, बघा, असा पाळायचा असतो कायदा!"

मुलीने भोकाड पसरलं. "मला खोडरबर हवाय!"

"लाज नाही वाटत?" नर्स कडाडली. "अहो, गल्ल्यावर बसलाय की न्यायालयात?" ड्रायव्हर गरजला. बाहेर बसचा हॉर्न वाजायला लागला. वकिलाला घाम फुटला. सकाळपासून एक वस्तू विकली नव्हती, आणि जो तो 'तुझ्या मामाला तुझं नाव सांगतो' म्हणत होता.

आणि तेव्हा तो आला.

काय दाढी होती रे! छातीपर्यंत! खांदे कपाटाच्या दारासारखे आणि आवाज म्हणजे खडीवरून घमेलं ओढल्यासारखा. रांगेने आपणहून त्याला वाट दिली. आणि वकिलाच्या तोंडून आपोआप निघालं, "या काका!"

निघालं आणि त्याला मामाची पद्धत आठवली! निदान एक तरी माणूस खूश होऊन जाऊ दे!

"एक ई-सिगारेट," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"बसा ना काका! आत्ता देतो! तुम्हाला काय वय विचारायचं!"

वळला, कपाट ओढलं, तर कुलूप! किल्ली? खिळ्यावर नाही, गल्ल्यात नाही, छत्र्यांत नाही. किल्ली गेली होती मामाच्या खिशातून दाढ काढायला! म्हणजे हा शहाणा सकाळपासून जिची राखण करत होता, ती वस्तू त्याला देताच आली नसती!

आता मागे हटेल तो वकील कसला? पट्टी घातली, मोडली. नर्सने कात्री दिली. ड्रायव्हरने बसमधला पाना आणला. मघाशी जीव घ्यायला उठलेली रांग आता एकदिलाने कपाटाला भिडली. "उजवीकडून दाबा!" "अहो, खालून उचला!" "काकांना बसायला द्या कुणीतरी!"

आणि दारात मामा! तोंडात कापूस, गाल दुप्पट, जीभ बधिर.

"मामा! किल्ली! काकांना द्यायचीये!"

मामाने खिशातून किल्ली काढली. एकदा दाढीकडे बघितलं, मग खाली पायांकडे बघितलं. काळे शाळेचे बूट, नाडीला दोन-दोन गाठी. मामाचे डोळे पांढरे झाले!

"उं! उं उं!"

"हो हो, लगेच देतो!" म्हणत वकील किल्लीवर झेपावला. मामा पळाला! गल्ल्याभोवती मामा पुढे, वकील मागे, पाना उगारलेला! रांग ओरडतेय, "मामांना भूल चढलीये, धरा त्यांना!" शेवटी मामाने किल्ली फरशी पुसायच्या बादलीत भिरकावली. धापा टाकत त्या दाढीवाल्यासमोर गेला, त्याचा गालगुच्चा घेतला आणि त्याच्या हातात एक पेन्सिल ठेवली.



"मावशी," दाढीवाला त्या बॅटरीवाल्या बाईंना म्हणाला, "मी आता जाऊ? उद्या भूगोलाचा पेपर आहे."

बाईंनी पर्समधून तपासणी खात्याचं ओळखपत्र काढलं. आख्ख्या सकाळीत न मागता दाखवलेलं एकमेव ओळखपत्र! "मुलगा सतरा वर्षांचा आहे," त्या म्हणाल्या. "विक्री झालेली नाही, म्हणून परवाना राहील. त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही, ते कुलपाचं आहे." मग पाना धरलेल्या वकिलाकडे चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "हे कोण?"

मामाला बोलता येत नव्हतं. पण मान हलवता येत होती. त्याने शांतपणे मान हलवली. नाही, ओळखत नाही.

"मामा!!"

नेमके तेव्हाच आजोबा आले. शाळेचा दाखला, लग्नाचा फोटो आणि साक्षीदार म्हणून बायको! "आता विचार वय!" वकील काय विचारणार? तो गुडघ्यावर बसून बादलीत कोपरापर्यंत हात घालून किल्ली शोधत होता.

हल्ली त्याला कपाटाजवळ फिरकू देत नाहीत, वह्या-पेनांकडेच बसवलंय. तो दाढीवाला पोरगा पेन्सिल आणायला येतो, आणि वकिलाच्या तोंडून अजून निघतं, "या काका!"

हसू नकोस! छातीपर्यंत दाढी, तो आवाज, मागे एवढी रांग. तू असतास तर कुणी बुटांकडे बघितलं असतं रे? खरं सांग, तू त्याला काय म्हणाला असतास?