मौजे मढचे चार कोपरे व एक छत

श्री. शके १९२४, चित्रभानू नाम संवत्सरे, वैशाखमासी, प्रांत जुन्नर, मौजे मढ येथे राजश्री सुदर्शनराव यांनी उभारिलेले छत भुईस मिळाले आणि बँडवाल्यांचा मोठा ढोल व राजश्री सयाजीराव ऐसे दोघे त्याखाली सापडले. ऐसे काही घडले नाही. घरच्या वडीलधाऱ्यांनी एकमते ठरविले की घडले नाही, सबब घडले नाही ऐसे समजोन पुढील हकीकत लिहिली असे.

सुदर्शनराव हे राजश्री भिमाजीरावांचे चिरंजीव. पुण्यास इमारतींची विद्या शिकत होते आणि शेवटच्या वर्षी त्यांस कापडाच्या छतांचा नाद लागला. भिमाजीरावांची ओतुरास खत-बियाण्यांची पेढी, चिरंजीवांनी ती गादी चालवावी हा त्यांचा मनसुबा. अशात भिमाजीरावांचे धाकटे बंधू सयाजीराव यांची कन्या संस्कृती हिचे लग्न निघाले आणि चौघा भावांच्या चार घरांमधील अंगणी मांडव कोणी घालावा याची मसलत बसली, मग सुदर्शनराव बोलोन गेले की मांडव मी घालितो, वर आडवा वासा एक लागणार नाही, ताडपत्री आपल्या ताणावर उभी राहील. भिमाजीरावांनी फर्माविले जे, अक्षता पडेतो छत टिकले तर विद्या पुरी करावी, न टिकले तर सोमवारपासोन ओतुराची गादी.

मग सुदर्शनरावांनी तारेचा चौकोन वाकवून, दोन समोरासमोरचे कोपरे वर व दोन खाली करोन, धुण्याच्या पावडरीच्या बादलीत बुडवोन वर काढिला, तो साबणाची पातळ पापडी घोड्याच्या खोगिरासारखी वळोन तारेस धरोन राहिली. त्यांनी समस्तांस विदित केले की आकार आपण काढावयाचा नसतो, चहूकडोन ओढ बसली की कापड आपला आकार आपण शोधिते; एक ओढ वर आणि एक खाली असली तर वारा त्यास हलवीत नाही, आणि चारी कोपरे समान केले तर मध्ये पाणी धरिते. अधिक खात्रीस्तव सयाजीरावांचा नवा बनियन चार खिळ्यांवर ताणिला. तो बनियन त्या मोहिमेत कामी आला.

सभा थक्क जाहली. भिमाजीरावांनी चष्मा पुसला आणि विचारिले, “ते समदं खरं. पर खाली कोन ऱ्हानार?”

येथे मोहीम अडकली. चार दारी चार खांब. सयाजीराव नवरीचे वडील, ते खाली कैसे. तिसरे बंधू भरतराव यांचा सयाजीरावांशी बांधावरोन तंटा, ते त्यांच्याहोन खाली मेले तरी न राहतील. भिमाजीराव तो थोरले. उरल्या चौथ्या घरच्या कुशाबाईकाकू, ज्यांचे यजमान निवर्तले होते. सुदर्शनराव त्यांस भेटोन सांगू लागले की खाली म्हणजे कमी नव्हे, हा निव्वळ भूमितीचा मामला आहे. काकू तांदूळ निवडीत होत्या. “मालक गेला तवाच माझा कोपरा खाली आला,” त्या म्हणाल्या. “आता खांब बी?”

तेव्हा पुण्याचे ग्रंथ मिटोन ठेविले. सुदर्शनरावांनी काकूंचा व सयाजीरावांचा खांब उंच राखिला आणि भरतरावांचा व आपल्या वडिलांचा खाली घेतला. मग हळदीची पंगत बसली असता भरतरावांनी आपल्या खांबाखाली विटा सारिल्या, ते पाहोन भिमाजीरावांनी उखळ सारिले आणि जेवणे आटोपेतो चारी कोपरे समान जाहले. इतक्यात माळशेजाकडोन वळवाची फौज उतरली, सपाट ताडपत्री गाभण म्हशीसारखी फुगली आणि पुढे जे जाहले ते जाहले नाही.

भिमाजीरावांनी पेढीच्या चाव्या काढोन चिरंजीवांपुढे ठेविल्या. सुदर्शनराव भिजल्या ताडपत्रीवर बसोन राहिले. परंतु छताचे समस्त पाणी कुशाबाईंच्या दारी सांडोन त्यांचे पिंप काठोकाठ भरले होते, आणि मढास त्या महिन्यात टँकरचे पाणी. काकूंनी पिंपात हात बुडविला आणि म्हणाल्या, “माझा खांब कमरेएवढा कर, राजा.”

ही वार्ता चहाबरोबर फैलावली. भरतराव विचारू लागले की आम्ही काय पाप केले म्हणोन उंच. भिमाजीरावांनी निरोप धाडिला की थोरला म्हणोन सर्वांत खाली राहण्याचा मान आपला. सयाजीरावांचे म्हणणे, नवरीच्या बापाहोन खाली कोणी नसावे. मग चारी कोपरे खाली उतरले, आणि पुन्हा समान.

सुदर्शनरावांस उमगले की खाली ओढणारे चौघे आहेत, वर ओढणारा असा पाहिजे ज्याचे घर नाही. त्यांनी तारेच्या चौकोनावर संस्कृतीची बांगडी धरोन साबणात बुडविली आणि हळूहळू वर उचलिली, तो पापडी चौकोनापासोन बांगडीपर्यंत निमुळती चढली. मग गोठ्यातील जुन्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, अंगणाच्या मध्यावर नवा उंच खांब रोवोन, त्यावर चढविली, भोकावर घमेले पालथे घातले आणि चारी घरचे भाऊबंद आपापल्या दाराकडे ओढू लागले. या कामी त्यांची पूर्वतयारी फार वर्षांची होती. छत ढोलासारखे तंग जाहले.

लग्नाचे दिवशी कडेने वाकोन आल्याखेरीज आत शिरता येईना, तेव्हा वरपक्षाने मुजरा केला ऐसे सयाजीरावांनी मानिले. मंगलाष्टके चालू असता वारा उठला, मग पाऊस पडला, छत गुणगुणले आणि पाणी चारी पिंपांत उतरले. अक्षता पडल्या. भिमाजीरावांनी वर हात करोन ताडपत्रीवर दोन टिचक्या मारिल्या, चिरंजीवांकडील चाव्या घेवोन आपल्या खिशात घातल्या. “सोमवारी पुन्याची यष्टी धर,” ते म्हणाले. “दुकान बघाया मी हाय अजून.”

येणेप्रमाणे मौजे मढ येथे फत्ते जाहली. परंतु कोणाचे पिंप आधी भरले यावरोन चारी घरांत अबोला आहे. सबब मेहेरबान तहसीलदारसाहेब, तालुका जुन्नर, यांस विनंती अर्ज ऐसा जे, सातबाऱ्यावर क्षेत्राशेजारी ‘उंची’ म्हणोन रकाना काढावा, त्यात चौघांची उंची समान लिहावी, आणि यापुढे पावसाने चौघांस लेखी कळवोन, त्यांच्या सह्या घेवोन मगच पडावे, ऐसा हुकूम व्हावा.