घरातला कुंभार्ली घाट

आमच्या शेजारच्या शामराव आण्णांचा डावा पाय कधी स्वस्थ नसतो. कुठंही बसले तरी तो मधूनच जोरात जमिनीवर दाबला जातो. मागच्या लग्नसराईत एका लग्नात नवरामुलगा हार घालायला जरा घाईनं पुढं झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या आण्णांचा पाय असा आपटला की शेजारच्या पाव्हण्याच्या हातातल्या अक्षता अवेळीच उडाल्या.

"लय स्पीडनं आला," आण्णा म्हणाले. "पुढचं बघून तर घ्यावं माणसानं."

कराडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरात आण्णांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तरनं तो दाबायचा. असं दाबता दाबता आण्णांनी अर्ध्या तालुक्याला गाडी शिकवली. मग वय झालं, स्कूल बंद केलं, गाडी ताडपत्री घालून दारात उभी केली. सगळं आवरलं, पण पायाला कुणी कळवलंच नाही.

जिभेलाही कळवलं नाही. भाजीवालीचा गाडा वळताना दिसला की आण्णा ओट्यावरून ओरडतात, "आरसा बघ, आरसा!" आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, एकदा चालता चालता गटारीत पडले. त्यांना वर काढायच्या आधी आण्णांनी विचारलं, "आरसा बघितला हुता का?" आणि कुणी घाई करायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "घाटात पैला जाणारा दरीत घावतो."

असा माणूस म्हातारपणी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला लागला, यावर कोण विश्वास ठेवील?

स्कूलमध्ये लायसनच्या परीक्षेचा सराव करायला एक कॉम्प्युटर होता. तो घरी आणला आणि त्यावर गेम घातला. टेबलाला लावायचं स्टेअरिंग आणि पायानं दाबायच्या ब्रेक-ॲक्सिलरेटरची पायटी मागवली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि उपरणं पोटावरून घेऊन खुर्चीला बांधलं होतं. तो म्हणे बेल्ट. शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या भुंग्यासारख्या निघून गेल्या. आण्णांनी आधी मागं बघितलं, हात बाहेर काढून दाखवला आणि मग गिअर टाकला. दरवेळी ते शेवटचे येतात आणि दरवेळी तितकेच खूश होतात.

"बघ शालन, सगळ्यांच्या गाड्या चेपल्या. माझ्या गाडीला वरखडा न्हाई."

"मंग मिरवणूक काढा की," आतल्या खोलीतून इंदूवहिनींचा आवाज येतो.

वहिनी म्हणजे आण्णांच्या मंडळी. बाई मोठी बोलकी, पण सध्या त्यांचा आवाजच तेवढा बाहेर येतो. त्यांच्या उजव्या पायावरून वारं गेलं, तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत. काठी घेऊन घरात फिरतात, आणि दारापाशी आल्या की माघारी वळतात. माहेर त्यांचं कुंभार्ली घाट उतरून खाली, चिपळूणच्या अलीकडं. भाऊ सारखा फोन करतो. आण्णा रोज सकाळी गाडीवरची ताडपत्री काढतात, काच पुसतात आणि आत जाऊन विचारतात, "इंदे, जायाचं का?"

"मला गाडी लागती," वहिनी म्हणतात.

ताडपत्री पुन्हा गाडीवर चढते. वहिनी म्हणतात ते खरंच आहे. अर्ध्या तालुक्याच्या ड्रायव्हिंग मास्तरच्या बायकोला गाडी लागते. पण लागत असूनही दरवर्षी त्या जायच्याच. खरी गोष्ट त्यांनी एकदा मला हळूच सांगितली. "गुळाची ढेप काखेत घिऊन मी त्या दारात शिरत हुते, शालन. आता काठी टेकत जाऊ व्हय? या जन्मी आता घाट उतरायचा न्हाई मी."

मी हे आण्णांना सांगितलं नाही. पण भिंत पातळ आहे, आणि आण्णांचे कान इंजिनाचा आवाज ऐकून तयार झालेले आहेत.

त्याच सुमारास गेममध्ये एक गडबड उडाली. जर्मनीत म्हणे जंगलातून जाणारा एक फार लांब, फार प्रसिद्ध शर्यतीचा रस्ता आहे. तो गेममध्ये येणार म्हणून जगभरातले खेळणारे नाचायला लागले. आला त्या दिवशी आण्णा आंघोळ करून, गंध लावून खुर्चीवर बसले. सगळा रस्ता संथपणे फिरून आले आणि त्यांचा चेहराच पडला.

"हा कसला रस्ता? समूरनं एक ट्रक न्हाई, मदी एक म्हस न्हाई. समदी एकाच बाजूला पळत्यात. पळतीलच की मंग! आमच्या घाटात येऊन दावा म्हणावं."

"मंग न्या की तुमचा घाट जर्मनीला," आतून वहिनी.

आण्णांनी पोटावरचं उपरणं सोडलं. मग म्हणाले, "जर्मनीला कशाला? हितंच आणतो. पार चिपळूणपतूर."

मला वाटलं, बोलणं तेवढ्यावर राहील. पण त्या गेममध्ये स्वतःचा रस्ता करून घालता येतो, असं निघालं. तो कसा करायचा हे परदेशी लोक व्हिडिओत सांगतात. आण्णा त्यांचं इंग्रजी ऐकायचे, व्हिडिओ थांबवायचे, पुन्हा ऐकायचे आणि म्हणायचे, "बोलतोय लय, पर क्लच कुटं हाय ते सांगंना."

पहिला रस्ता केला तो जमिनीपासून हातभर वर तरंगत होता. दुसऱ्या वेळी रस्ता खाली बसला, पण कोयना नदी डोंगरावर चढायला लागली. मग म्हशी घातल्या. त्यांचं माप चुकलं आणि पाटणच्या पुढं एसटीपेक्षा मोठी म्हैस उभी राहिली. आण्णा तिच्या चार पायांमधून गाडी काढून दाखवायचे. आमचे मालक हसून हसून खाली बसले.

मालकांचं हसणंही फार दिवस टिकलं नाही. रस्त्याचा व्हिडिओ पाहिजे म्हणून आण्णांनी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून घाटात नेलं. मालकांच्या हातात मोबाईल. त्यांना दरीची भीती वाटते, म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि मोबाईल वर धरला. घरी येऊन बघितलं तर सगळं आभाळ.

"आभाळ तर जर्मनीत बी हाय की!" आण्णा कळवळून म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मालकांना परत घेऊन गेले.

मग माझी पाळी आली. गाडीत पॅसेंजरचा आवाज पाहिजे होता. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, हळदीकुंकवाला उखाणासुद्धा मनातल्या मनात घेते. आण्णांनी माझ्यापुढं माईक धरला. "लाजू नगं. घाटात गाडी जोरात चाललीया, तुझ्या मांडीवर तेलाचा डबा हाय. काय म्हनशील?"

मला समोर खरंच तेलाचा डबा दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "आवं, हळू घ्या की!"

"बास! झालं!" आण्णांनी टाळी वाजवली. आता त्या रस्त्यावर जगात कुणीही जोरात गाडी हाणली की मी ओरडते.

आणि इंटरनेटवरून लोक खरंच त्या रस्त्यावर खेळायला यायला लागले. कुठले कोण, रस्ता दिसला की यायचे. आण्णांनी घाटाचे कायदे जसेच्या तसे घातले होते. चढणीच्या गाडीला वाट द्यायची, उतारावरच्यानं थांबायचं. एका दुपारी मला हाका मारून बोलावलं. पडद्यावर उताराला लाल, पिवळ्या शर्यतीच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि खालून ऊस भरलेला एक ट्रॅक्टर दोन ट्रेलर ओढत मुंगीच्या पावलानं वर येत होता.

"बघ, बघ शालन! परदेशातली मानसं थांबली! चढनीला वाट दिली!" आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

घाटमाथ्यावर देवीचं देऊळ. तिथं प्रत्येक ड्रायव्हर क्षणभर थांबतो, कुणी नारळ फोडतो. आण्णांनी गेममध्येही तसंच केलं. देवळापाशी न थांबता पुढं गेलं की इंजिन बंद. खेळणाऱ्यांच्या तक्रारी आल्या, गाडी का बंद पडते म्हणून. आण्णांनी सगळ्यांना इंग्रजीत एकच उत्तर पाठवलं, "नो कोकोनट."

गल्लीत मात्र बायका नावं ठेवत होत्या. बायको आत खाटंवर आणि हा माणूस बाहेर गाड्या उडवतोय, म्हणून. मलाही कधीकधी तसं वाटायचं. एवढा वेळ वहिनींजवळ बसला असता तर?

मग एके दिवशी घाटाची उतरण करून झाली. आण्णांनी मुद्दाम पडद्याचं तोंड आतल्या खोलीकडं फिरवलं आणि गाडी हळूहळू खाली सोडली. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. आतून वहिनी म्हणाल्या, "हितं एक वळण खाल्लंय तुमी."

"कुटं? समदं बरूबर हाय."

"बरूबर कसलं? जांभळाच्या झाडानंतर माझ्या पोटात एकदा ढवळायचं, मंग पुन्यांदा ढवळायचं, मंग तुमी गाडी थांबवत हुता. तुमी एकदाच ढवळलंय."

आण्णांनी व्हिडिओ लावून बघितला. जांभळाच्या पुढं खरंच एक वळण राहिलं होतं. त्यानंतर रोजचा तोच उद्योग सुरू झाला. आण्णा रस्ता करायचे, आणि वहिनी आतून पोटावर हात ठेवून तपासायच्या. इथं उतार जास्त आहे. इथं मळमळत नाही, म्हणजे चुकलंय. सांगायला म्हणून त्या आधी खोलीच्या दारापर्यंत आल्या, मग बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर, आणि एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत खुर्चीपाशी येऊन काठीनं आण्णांच्या खांद्याला टोचून म्हणाल्या, "उठा. मी चालवते."

आण्णा उठले. एका हाकेत असं उठताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"पर पाय?" वहिनी म्हणाल्या. "माझा पाय कुटं दाबतोय?"

आण्णा टेबलाखाली शिरले, मांडी घालून बसले आणि दोन्ही हात पायट्यांवर ठेवले. "हे बघ, हे हैत तुझं पाय. तू निस्तं बोल."

"दाबा."

आण्णांनी दाबलं. पुढचा सगळा गोंधळ काय सांगावा! वहिनींनी कराड सोडायच्या आत दोन ट्रक खरडले. टेबलाखालून आवाज आला, "इंदे, आरसा..."

"आरसा गेला उडत. दाबा की अजून!"

गाडी पळायला लागली तशी पडद्यातून मी ओरडले, "आवं, हळू घ्या की!"

"गप गं शालन!" वहिनी म्हणाल्या. मी शेजारी तोंड मिटून बसले होते.

पाटण गेलं, कोयनेचं पाणी दिसलं, घाटमाथा आला. देवीला नमस्कार करायला वहिनींनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात सोडले आणि गाडी सरळ दरीत गेली. आम्ही तिघंही इतके हसलो की आमचे मालक काय झालं म्हणून धावत आले. एवढं होऊन टेबलाखालचा माणूस एका शब्दानं रागावला नाही. एरवी शिकाऊ पोरांना रडवणारा हाच तो मास्तर.

पुन्हा चढलो. यावेळी नमस्कार एका हातानं झाला. मग उतार, जांभूळ, राहिलेलं वळण. वहिनी आता पडद्याकडं झुकल्या. माती लाल झाली, काजूची झाडं लागली. डाव्या हाताला कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा आला आणि त्यातलं लाकडी फाटक.

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

आण्णांनी ब्रेक दाबला. फाटकाची एक फळी वाकडी होती. ती सुद्धा त्यांनी वाकडीच घातली होती. वहिनी बराच वेळ त्या फळीकडं बघत होत्या. मग त्यांनी गाडी पुढं घ्यायला लावली, फाटक उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. नुसतं पांढरं, कोऱ्या भिंतीसारखं.

"आत काय न्हाई?"

टेबलाखालून उत्तर आलं, "आतलं मला म्हाईत न्हाई, इंदे."

"म्हाईत न्हाई? जावाई तुमी त्या घरचं."

"गाडी बंद केली की परत चालू हुईत नव्हती नव्हं." गाडीचा स्टार्टर पहिल्यापासून बिघडलेला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. धक्का मारायला आम्हीच असायचो. "तिकडं धक्का माराय कोन? म्हनून मी इंजिन चालूच ठिवायचो. तुझं आबा चहा बी खिडकीतनं द्यायचं. तुला सोडायचं, न्ह्यायला यायचं, ते फाटकापतूरच. आत मी कवा आलोच न्हाई. आता तू सांग. आत काय काय हाय ते सांग, मी घालतो."

वहिनी सांगायला लागल्या. अंगणात विहीर, विहिरीला लागून... तिथं त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "असं सांगून न्हाई कळायचं. बघावं लागतं." काठी हाताला लागते का ते त्यांनी चाचपून बघितलं. "शालन, ताडपत्रीची दोरी सोड गं."

आण्णा टेबलाखालून डोकं बाहेर काढून बघत राहिले.

"पर एक सांगून ठिवते," वहिनी म्हणाल्या, "यावक्ती तितं गेल्यावर गाडी बंद करायची."

"आन् परत चालू न्हाई झाली तर?"

"तर ऱ्हाऊ."